दर्या मोठा, पहारा तोकडा

पुण्याला समुद्र नाही. नद्या आहेत, पण त्यांच्याविषयी रविवारच्या सकाळी न बोललेलेच बरे. तरीही हे शहर दर आठवड्याला टनावारी समुद्र खाते. सोमवारच्या वृत्तपत्रात बाजारभावाचे पान उघडावे. कांदा-बटाटा, पालेभाज्या, फुले, कोंबडी-अंडी यांच्या शेजारी गणेश पेठेतल्या मासळी बाजाराचे भाव असतात. खोल समुद्रातील मासळीची आवक इतके टन, खाडीची इतके किलो, नदीची इतकी, आंध्र प्रदेशातून आलेल्या रहू-कतल्याची इतकी, असा तो हिशेब. खाली नावे : पापलेट, हलवा, सुरमई, रावस, घोळ, करली, करंदी, मांदेली, ओले बोंबील. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही, त्यालाही ही यादी वाचून भूक लागावी!

या यादीतला एक बारकावा मात्र आपल्या नजरेतून सुटतो. पापलेटच्या नावापुढे प्रत होते : कापरी, मोठे, मध्यम, लहान. मोठ्याचा भाव ऐकून आपण कपाळाला हात लावतो आणि लहानापाशी येऊन थांबतो. ताटात दोनाऐवजी चार तुकडे दिसतात, मुले खूश होतात, महिन्याचा हिशेबही जुळतो. हे ‘लहान’ पापलेट इतके लहान असतानाच बाजारात का आले, आणि त्याला कोणी आणि कसे पकडले, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. येण्याचे कारणही नसते. घाटाखाली काय चालले आहे, हे घाटावर राहून कसे कळणार?

मला ते थोडे कळले, ते नोकरीमुळे. बँकेच्या बदल्यांच्या चक्रात १९९०च्या दशकातली सहा वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यात काढली. घरात वरण-भातावर वाढलेला मी पेठी माणूस. तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यातच शेजारच्या काकूंनी बांगड्याचे तिखले खायला घातले आणि माझा धर्म बुडाला. पण मासळी खायला शिकण्यापेक्षा तिची अर्थव्यवस्था मला जास्त शिकायला मिळाली, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत यांत्रिक नौकांची कर्जप्रकरणे असत. लाकूड किती, इंजिन किती अश्वशक्तीचे, जाळी कोणती, खलाशी किती, डिझेल किती आणि हप्ता किती. या सगळ्या रकान्यांच्या तळाशी एकच गोष्ट गृहीत धरलेली असे : मासे मिळत राहतील.

हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलाव पाहायला मी अनेकदा गेलो आहे. होड्या किनाऱ्यापासून दूर नांगरायच्या, मासळी लहान होड्यांतून किंवा बैलगाडीतून वाळूवर आणायची, ढीग मांडायचे आणि मग बोली सुरू. त्या गर्दीत एका वयस्क तांडेलाशी माझी ओळख झाली. मी त्यांना ‘नाना’ म्हणत असे, ते मला ‘सायेब’. एकदा मी सहज म्हटले, “नाना, आज चांगला माल आलेला दिसतो.” नानांनी ढिगाकडे पाहिले आणि म्हणाले, “सायेब, माल मोजू नका. मासा केवढा हाय ते बघा.” त्या दिवसापासून मी मासळीच्या ढिगाकडे टनांच्या हिशेबात पाहणे सोडले.

जाळ्यांची गोष्ट

बेकायदा मासेमारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चोर, तस्कर, रात्रीचे काळे व्यवहार असे काहीतरी येते. खरा प्रकार अधिक साधा आहे, आणि म्हणूनच अवघड आहे. ज्या जाळ्याने, ज्या जागी, ज्या दिवसांत मासे धरायचे नाहीत असे कायदा सांगतो, तसे धरले की ती मासेमारी बेकायदा. करणारे असतात परवानाधारक, कर्जदार, गावातले प्रतिष्ठित लोक.

आपल्या किनाऱ्यावरची जुनी मासेमारी कशी होती, हे एकदा पाहिले पाहिजे. मालवणकडे रापण असते. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर उभे राहून माणसांनी ओढायची. ओढायला सारी वाडी येते आणि जो ओढतो त्याला वाटा मिळतो. उत्तरेकडे, मुंबई-पालघरच्या बाजूला डोल जाळी. ती भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधून ठेवतात, प्रवाहाबरोबर बोंबील आणि जवळा आत येतो. या पद्धतींना एक मर्यादा जन्मजात होती. मासा किनाऱ्याजवळ आला तर मिळणार, नाही आला तर नाही.

ट्रॉलरने ती मर्यादा मोडली. ट्रॉलरचे जाळे समुद्राच्या तळावरून फरफटत जाते. कोळंबी हवी असते, पण त्या वाटेत जे काही येईल ते सगळे उचलले जाते : पिल्ले, खेकडे, शंख, प्रवाळाचे तुकडे. नको असलेला माल पुन्हा समुद्रात फेकतात, नाहीतर फिशमीलच्या कारखान्याला विकतात. म्हणजे उद्याची सुरमई आज कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

त्यानंतर पर्ससीन आले. शेजारच्या कर्नाटकात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते रुजले आणि पुढे आपल्याकडे पसरले. नाव परदेशी असले तरी युक्ती आपल्या आजीच्या बटव्याची. माशांचा थवा दिसला की त्याच्याभोवती शेकडो मीटर लांबीचे जाळे पडद्यासारखे फिरवायचे आणि खालची दोरी ओढायची. बटव्याचे तोंड आवळावे तसा जाळ्याचा तळ आवळला जातो. आतला थवा लहान-मोठ्यांसकट एका झटक्यात बोटीवर येतो. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात, त्यामुळे त्यांच्यावर या जाळ्याचा मारा सर्वांत जास्त. जो थवा उद्या किनाऱ्याजवळ येऊन रापणीत सापडला असता आणि दीडशे घरांत वाटला गेला असता, तो आज एका बोटीत जातो.

त्यावर कळस म्हणजे एलईडी दिवे. बोटीवर जनरेटर बसवायचा आणि रात्रीच्या काळोखात पाण्यावर आणि पाण्यात प्रखर प्रकाश सोडायचा. प्रकाशाकडे सूक्ष्म जीव येतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. दिव्याखाली समुद्राची जत्रा भरली की भोवती जाळे फिरवले जाते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये या पद्धतीवर देशाच्या सागरी क्षेत्रात बंदी घातली. तरीही त्यानंतर कोकणातल्या किनाऱ्यावरून रात्री क्षितिजाकडे पाहावे, तर एखादे शहर वसल्यासारखे दिवे दिसत, अशी तक्रार पारंपरिक मच्छीमार सातत्याने करीत आले आहेत. चोरी लपून करतात, असे आपण लहानपणी शिकलो. ही चोरी दिवे लावून चालते!

कायदा आहे, नाही असे नाही

या संघर्षाची सुरुवात आपल्या शेजारी, गोव्यात झाली. १९७०च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन रापणकारांची जाळी फाडू लागले. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. केंद्राने नमुना कायदा तयार केला. गोवा आणि केरळने १९८० मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत आला. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा कारभार.

महाराष्ट्राचा कायदा कागदावर वाचला तर समाधान वाटते. परवाना हवा, जाळ्याच्या आसाला मर्यादा हवी, किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखलेला हवा, पावसाळ्यात बंदी हवी. पूर्वी आपल्याकडे जूनच्या सुरुवातीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत यांत्रिक नौका किनाऱ्यावर ओढून ठेवत. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. अनेक जातींच्या माशांच्या विणीचा हा काळ. आपल्या पूर्वजांनी दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही असा रिवाज का घातला असेल, याचे उत्तर खवळलेल्या समुद्रात जसे आहे तसे माशांच्या पोटातल्या गाभोळीतही आहे.

पर्ससीनचा प्रश्न चिघळल्यावर राज्य सरकारने भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यावर आदेश निघायला ५ फेब्रुवारी २०१६ उजाडला. नवीन पर्ससीन परवाने बंद, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच आणि नौकांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायची, असा तो आदेश. अहवाल आणि आदेश यांच्यामधल्या या वर्षांत समुद्रात काय झाले असेल? मासे समितीच्या शिफारशी वाचत नाहीत. दरम्यान मालवण-आचऱ्याच्या परिसरात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले समोरासमोर आले. गावातल्या गावात, नात्यागोत्यात वैर शिरले. समुद्रातल्या भांडणाची झळ लग्नाच्या पंगतीपर्यंत पोहोचते, हे मी तिकडे राहिल्यामुळे जाणतो.

जुन्या कायद्यातली एक पळवाट कोणाही हिशेबनिसाच्या लक्षात येईल. दंड ठरत असे तो बोटीवर सापडलेल्या मासळीच्या किमतीवर, फार तर तिच्या पाच पटींपर्यंत. आता गस्ती नौका दुरून दिसली आणि माल परत समुद्रात लोटला, तर दंड कशाच्या पटीत मोजायचा? शिवाय प्रकरण चालायचे तहसीलदारांपुढे. ज्यांच्या टेबलावर सातबारा, पूर, पाणीटंचाई आणि निवडणुका, त्यांच्याकडे समुद्रातल्या भांडणासाठी वेळ किती उरणार?

नोव्हेंबर २०२१ मध्ये वटहुकूम काढून ही पळवाट बऱ्याच अंशी बुजवण्यात आली. निकालाचे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि दंडाचे आकडे वाढले. बेकायदा पर्ससीनला १ ते ६ लाख रुपये, एलईडी मासेमारीला ५ ते २० लाख रुपये. आकडे मोठे आहेत. पण दंड करण्यासाठी आधी बोट सापडावी लागते.

पहारेकरी कुठे आहे?

महाराष्ट्राची किनारपट्टी जुन्या मोजणीनुसार ढोबळमानाने ७२० किलोमीटर. तिला बारा मैलांच्या रुंदीने गुणले, तर राज्याला सांभाळायचा समुद्र पुणे जिल्ह्याच्या क्षेत्रफळाएवढा भरतो. या पाण्यावर हजारो नौका फिरतात. ना रस्ता, ना चौक, ना दगडी हद्द. मत्स्यव्यवसाय खाते त्यासाठी वर्षानुवर्षे प्रत्येक जिल्ह्यात गस्तीला नौका ठेवत आले, आणि त्याही बहुधा भाड्याने घेतलेल्या. अशी एखादी नौका बंदरातून निघाली की ती निघाल्याची बातमी मोबाइलवरून तिच्यापुढे पोहोचते. गस्तीवरचा अधिकारी निःशस्त्र. समोरच्या बोटीवर पंचवीस-तीस खलाशी. त्यातून बोट परराज्यातली आणि अधिक ताकदीच्या इंजिनाची असली, तर तिचा पाठलाग म्हणजे सायकलने मोटारीमागे धावणे. सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांनी परराज्यातले वेगवान ट्रॉलर स्वतः घेरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. कायदा राबवण्यासाठी नागरिकांना जीव धोक्यात घालावा लागत असेल, तर त्याला काय म्हणायचे?

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने पालघरच्या शिरगावपासून सिंधुदुर्गातल्या देवगडपर्यंत नऊ ठिकाणांहून ड्रोनने टेहळणी सुरू केली. ड्रोनला लाटा अडवत नाहीत आणि त्याने घेतलेले चित्र पुरावा म्हणून उपयोगी पडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने बारा मैलांपलीकडच्या समुद्रासाठी नवे नियम जाहीर केले. त्यातही एलईडी दिवे आणि दोन बोटींनी मिळून ओढायच्या जाळ्याला मज्जाव आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण आकाशातून पाहिलेली बोट बंदरात आल्यावर तिला हात लावणारा माणूस हवा, आणि त्या माणसाला दुपारी कोणाचा फोन येऊ नये, ही व्यवस्था ड्रोन करू शकत नाही.

माझ्या अल्पबुद्धीला एक गोष्ट नेहमी वाटत आली आहे. समुद्र अफाट आहे, पण मासळी उतरण्याच्या जागा मोजक्या आहेत. मिरकरवाडा, हर्णै, नाटे, देवगड, मालवण, ससून डॉक, भाऊचा धक्का. रात्रीच्या अंधारात कुठेही धरलेला मासा सकाळी कोणत्यातरी धक्क्यावर यावाच लागतो. बोटीवर कोणते जाळे आहे, दिवे आणि जनरेटर आहेत का, परवाना कशाचा आहे, टोपलीतला मासा केवढा आहे, हे सारे धक्क्यावर उभे राहून दिसते. त्यासाठी वेगवान नौका लागत नाही. लागते एक मोजपट्टी, एक नोंदवही आणि तिथे रोज उभा राहणारा माणूस. बँकेत आम्ही कर्जदाराच्या मागे गावभर फिरत नव्हतो, साखर कारखान्याच्या बिलातून ऊसकर्ज वळते करीत होतो. तोच साधा न्याय इथे लावता येईल.

पंधरा सेंटिमीटरची पट्टी

मोजपट्टीचा उल्लेख मी उगाच केला नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने दोन गोष्टी केल्या. रुपेरी पापलेटला राज्याचा ‘राज्यमासा’ म्हणून घोषित केले, आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. पापलेट साडेतेरा सेंटिमीटर, बांगडा अकरा, बोंबील अठरा, सुरमई सदतीस, घोळ सत्तर. याहून लहान मासा धरायचा नाही.

आपल्या मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पंधरा सेंटिमीटरची असते. म्हणजे त्या पट्टीपेक्षा दीड सेंटिमीटरहून अधिक आखूड असलेले पापलेट हे कायद्याच्या दृष्टीने पोर आहे. त्याने अजून एकदाही अंडी दिलेली नसण्याचीच शक्यता अधिक. त्याला आज पकडले तर तळहाताएवढा जीव हाती येतो. काही महिने समुद्रात राहू दिले, तर त्याचे वजन वाढते, भाव वाढतो आणि मुख्य म्हणजे मागे पिढी राहते. मुद्दल खाऊन व्याजाची वाट पाहणारा खातेदार मी नोकरीत पुष्कळ पाहिला. राज्यमाशाच्या बाबतीत आपण सगळे मिळून तेच करीत आहोत.

या बाबतीत दोष केवळ मोठ्या बोटींचा आहे, असे मी म्हणणार नाही. डोल जाळ्याचा शेवटचा भाग फार बारीक आसाचा असतो आणि त्यातही पापलेटची इवलीशी पिल्ले मोठ्या संख्येने येतात. पारंपरिक मच्छीमारांतले जाणते लोक हे मान्य करतात. सातपाटी हे तर पापलेटसाठी नावाजलेले गाव. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थांनी पिल्ले मारू नयेत म्हणून अनेक वर्षे आवाज उठवला आहे. ज्याचे पोट त्या माशावर आहे, तोच ‘आम्हाला आवरा’ म्हणतो, यापेक्षा मोठी साक्ष कोणती?

जाळ्यातही उपाय आहे. ट्रॉलच्या जाळ्याचे आस शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. जाळे ओढले की ते ताणून बंद होतात आणि पिल्लांची वाट अडते. तेच आस चौकोनी विणले, तर ओढतानाही उघडे राहतात आणि लहान मासा निसटतो. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाच्या जाळ्यांचा पुरस्कार झाला. कासवांसाठीही असाच दरवाजा जाळ्यात बसवता येतो. तो आपण बसवला नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रातली कोळंबी घेणे थांबवले. तेव्हा निर्यातदारांना कासवाची आठवण झाली. २०१८च्या अखेरीस महाराष्ट्राने एक शहाणपणाची योजना आणली : जाळ्यात अडकलेले कासव, देवमासा किंवा बहिरी मासा यांना जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. तिचा अनेकांनी लाभ घेतला. म्हणजे दंडाबरोबर थोडी मदत दिली की माणूस कायदा पाळायला तयार होतो.

आडात नाही तर...

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली. २०१९ मध्ये ती २ लाख १ हजार टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला हा नीचांक होता. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या वादळांनी ऐन हंगामात बोटी बंदरात अडकवून ठेवल्या, हे खरे आहे. एका वर्षावरून समुद्र आटला असा निष्कर्ष काढू नये. पण नानांचा धडा इथेही लागू आहे. टनांच्या आकड्यात माशाचे वय दिसत नाही. एक टन मोठे पापलेट आणि एक टन पिल्ले यांचे वजन सारखेच असते.

‘समुद्र मोठा आहे, मासे संपत नाहीत’, असे म्हणणाऱ्यांसाठी कॅनडाची गोष्ट सांगावीशी वाटते. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा शेकडो वर्षे विपुल होता. मोठाली जहाजे आली, शास्त्रज्ञांचे इशारे राजकारणात बुडाले आणि १९९२ मध्ये सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांहून अधिक लोकांचे काम गेले. बंदी घातली तेव्हा ती थोड्या वर्षांची असेल असे वाटले होते. ती उठायला २०२४ उजाडले, तीही मर्यादित प्रमाणात. श्रीमंत देश असल्यामुळे कॅनडाने त्या लोकांना भत्ते दिले. आपल्या कोकणात तशी वेळ आली तर?

आणि समुद्र लांब आहे म्हणून आपण हात झटकायचे तर आपल्याच जिल्ह्यात पसरलेले उजनीचे पाणी पाहावे. भिगवण-इंदापूरच्या भोई समाजातल्या कितीतरी कुटुंबांची चूल त्या जलाशयावर पेटते. तिथेही बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान मासे उपसले जातात, तिथेही कायदा आहे आणि तिथेही पहारा अपुरा आहे. गोड्या पाण्यातली असो वा खाऱ्या, कथा तीच.

आपण काय करायचे?

गणेश पेठेत मी ज्यांच्याकडून मासे घेतो त्या मावशींना मी हल्ली विचारतो, “मावशी, यापेक्षा मोठा नाही का?” सुरुवातीला त्या हसत. “दादा, लोक स्वस्त मागतात, मोठा कोण घेतो?” असे म्हणत. त्यांचेही खोटे नाही. पण एक दिवस त्याच म्हणाल्या, “बारीक पापलेट आणलंच नाही आज. तुमच्यासारखे आणखी दोघंतिघं कुरकुरतात.” दोघे-तिघे कुरकुरल्याने समुद्र वाचत नाही. दोन-तीन हजार कुरकुरले, तर घाऊक व्यापारी ऐकतो. तो ऐकला की धक्क्यावरचा दलाल ऐकतो, कारण मासळीचा भाव शेवटी तुमच्या-माझ्या पिशवीत ठरतो.

म्हणून गृहिणींना आणि पिशवी घेऊन जाणाऱ्या गृहस्थांना काही विनंत्या. हाताच्या वीतभरही नसलेले पापलेट आणि सुरमईची पिल्ले घेऊ नयेत. चार लहानांऐवजी एक मोठा घ्यावा आणि तुकडे पातळ करावेत. तोही परवडत नसेल, तर मांदेली, तारली, बांगडा असे लवकर वाढणारे मासे घ्यावेत. चवीला ते कमी नाहीत, अन्नमूल्यात तर मुळीच नाहीत. जून-जुलैत बर्फातले ‘ताजे’ पापलेट कुठून आले, हे विचारायला लाजू नये. आषाढात सगळ्यांनाच मासे हवे असतात, हे मान्य. पण त्याच दिवसांत समुद्राचे बाळंतपण चालू असते. हॉटेलवाल्यांनी थाळीत तळहाताएवढे अख्खे पापलेट वाढणे थांबवावे. त्यांच्यासाठी तो सोयीचा आकार आहे, माशासाठी तो अकाली मृत्यू आहे.

आणि सरकारकडे मागायचे ते एवढेच : प्रत्येक मोठ्या धक्क्यावर रोज मोजणी, नियम मोडणाऱ्या बोटीचे डिझेल-अनुदान बंद, झालेल्या दंडाची आणि वसुलीची यादी दर महिन्याला जाहीर, आणि घाऊक मासळी बाजारांत, आपल्या पुण्यातल्यासुद्धा, किमान आकाराचा फलक मराठीत, चित्रांसह लावलेला. या कशालाही नवीन कायदा लागत नाही. आहे तो १९८१ पासून आहे, आणि त्याला दातही आता बसवले आहेत. ते दात कधी उमटतात, हे धक्क्यावरच्या नोंदवहीत दिसेल. ती वही उघडायला लावणे आपल्या, मासे खाणाऱ्यांच्या, हाती आहे.